गोठ्याची गेटं आणि घरचा ग्रुप

दादा (वस्ती): मंडळी, सल्ला पाहिजे. मुक्त गोठ्याला, म्हणजे गाई मोकळ्या फिरतात त्या गोठ्याला, पाच गेटं बसवायचीत. संगमनेरचा फॅब्रिकेशनवाला नगाला 9 हजार म्हणतोय. म्हणजे 45 गेले. बारा गाईंच्या दुधात हे बसत नाही.

पुण्याचे काका: परवा यूट्यूबवर परदेशातला गोठा पाहिला. बटण दाबलं की गेट उघडतं. लिंक टाकू का?

दादा: काका, आपल्याकडे बटण दाबलं तर मोटारसुद्धा रात्री दोनला चालू होते.

नाना: गेट कशाला? चाळीस वर्षं दाव्यावर गुरं सांभाळली. मोरकी, म्हणजे तोंडावरची दोरी, धरली की गाय उभी.

वहिनी: नाना, मोरकी धरायला तुम्ही कुठे असता? लाळ-खुरकतची लस टोचली त्या दिवशी तुम्ही बांधावर होतात. घोडेगावच्या बाजारातून आणलेली ती ठिपकीवाली यांना ओढत गव्हाणीपर्यंत घेऊन गेली. अंगठ्याचं नख अजून काळं आहे.

नाना: बरं.

पुण्याचे काका: गोठ्याला सरकारी अनुदान असतं ना?

दादा: रोजगार हमीतून आहे. पण आपला गोठा बांधून झालाय. सोडा ते.

मनू (डॉक्टर): दादा, पाच गेटं नक्की कुठे कुठे?

दादा: एक रस्त्याच्या तोंडाला, एक वासरांच्या कप्प्याला, एक मधल्या बोळात आडवं, दोन खोड्याला, म्हणजे तपासायला गाय अडकवतो त्या चौकटीला, पुढं न् मागं.

मनू (डॉक्टर): मग पाचही सारखी कशाला करतोस? गाय गेटाला जोर कुठे लावते ते बघ. रस्त्याच्या गेटापाशी ती नुसती उभी राहून रवंथ करते. खरा जोर खोड्यात लागतो आणि बोळात, कारण तिथे तिला परत फिरायचं असतं. पैसा तिथे घाल.
बोळ किती रुंद आहे?

दादा: दहा फूट.

मनू (डॉक्टर): मग मधलं गेट बरोबर दहा फुटांचं कर आणि बिजागरी खोड्याच्या तोंडाशी लाव. बंद केलं की बोळ अडतो. गाय आत आली की तेच गेट तिच्या मागून फिरवत आण, ती आपोआप खोड्याकडे सरकते. हातात काठी नको, आरडाओरडा नको. आठ फुटांचं केलंस तर उरलेल्या दोन फुटांतून ती निसटायला बघणार, आणि तिथे नेमका तू उभा असशील.

पिंट्या (भोसरी): दादा, मी वर्कशॉपात आहे, आत्ता बघितलं. नगावर अजिबात घेऊ नको. हिशोब सांगतो. दीड इंची पाईप, बाहेरचा व्यास 48.3 मिमी, जाडी 2 मिमी धरली तर मीटरला 2.28 किलो. दहा फुटी गेट, आडव्या पाच, उभ्या तीन, सगळे मिळून साडेएकोणीस मीटर. म्हणजे 44 किलो. तुमच्याकडे मजुरीसकट किलोचा भाव काय?

दादा: 115 म्हणाला होता. रंग वेगळा.

पिंट्या (भोसरी): मग पाच हजारांच्या आसपास झालं की. नऊ कसले? पण किलोवर घेताना जाडी आधी ठरवून घे. नाहीतर 3.2 मिमीचा पाईप लावेल, तो मीटरला साडेतीन किलोच्या वर जातो. मजबुतीचं नाव आणि बिल त्याचं.
आणि वरची बिजागरी उलटी लावायला सांग, खिळा खाली तोंड करून. दोन्ही खिळे वर तोंड करून असले की गाय मान खाजवता खाजवता गेट उचलून बाजूला ठेवते.

वहिनी: शेजारच्या वस्तीवर झालंय हे. सकाळी गेट आडवं आणि गाई उसात.

रत्नागिरीची आत्या: वासरांना आणि रस्त्याला लोखंड कशाला? आमच्याकडे बेडं असतं. दोन बाजूंच्या खांबांना भोकं पाडायची आणि आडवे बांबू सरकवायचे. एक मोडला तर दुसरा.

दादा: आत्या, आमच्याकडे बांबू विकत घ्यावा लागतो. पण बोअरचे जुने जीआय (जस्त चढवलेले) पाईप पडलेत घरामागे, सव्वा इंची, सात-आठ नग. तेच सरकवतो. दोन गेटं कमी झाली!

मनू (डॉक्टर): वासरांच्या कप्प्यात खालचे दोन पाईप जवळ घे. डोकं आत जातं आणि कानांमुळे मागे येत नाही.
खोड्याला मागे गेट नको, दोन आगळी, आडवे दांडे, पुरतात. एक गाईच्या मागे, ढोपराच्या वर. दुसरी तिच्या मागे चार फुटांवर. मी तपासायला मागे उभी असते तेव्हा पहिली आगळ काढलेली असते, आणि दुसरी आगळ नसली तर मागून दुसरी गाय आत घुसते आणि मी दोघींच्या मध्ये. हसू नका, झालंय माझं असं.
पुढे मात्र चांगलं गेट. मान अडकवायचे उभे पाईप सरळ जमिनीपर्यंत न्यायला सांग. वर खिडकीसारखं ठेवलं आणि गाय खोड्यात बसली तर गळ्याला फास बसतो. फट किती ठेवायची ते आपल्याच गाईची मान मोजून ठरव. आणि खोड्याची एक बाजू पूर्ण उघडता आली पाहिजे, पडलेली गाय वरून काढता येत नाही.

पुण्याचे काका: म्हणजे गेट खरं दोनच.

पिंट्या (भोसरी): दोनच. आणि जीआयला वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं. त्या जागेवर झिंकचा रंग मारायचा. गोमूत्राने गंज तिथूनच सुरू होतो.

नाना: खांब किती खोल घालणार?

दादा: दोन फूट म्हणतोय तो.

नाना: काळी जमीन आहे. उन्हाळ्यात भेगा पडते, पावसात फुगते. दोन फुटांवर खांब एका पावसाळ्यात वाकडा होतो, मग गेट घासतं आणि रोज उचलून लावावं लागतं. मुरूम लागेपर्यंत खण. आपल्याकडे तीन-साडेतीन फुटांवर लागतो. विहिरीच्या वेळी पाहिलंय मी.

मनू (डॉक्टर): नाना, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

वहिनी: माझं एक ऐका. ते गेट रोज पहाटे पाचला मी उघडणार. एका हातात बादली असते. यांनी मागे एक कडी लावली होती, आधी गेट ढकलायचं, मग कडी वर, मग बाहेर ओढायचं. तीन हात लागतात तिला. एका हाताने उघडेल अशी कडी पाहिजे, आणि दोन्ही बाजूंनी.

पिंट्या (भोसरी): वहिनी, साखळी आणि खाचेची पट्टी लावा. पट्टीत कडी अडकवली की झालं. सगळ्यात स्वस्त तीच. साखळीवर सायकलची जुनी ट्यूब चढवा, वाजली की गाई बिथरतात.

वहिनी: ट्यूब आहे घरात.

दादा: उद्या फॅब्रिकेशनवाल्याकडे जातो. मनू, बोळ पुन्हा मोजला. नऊ फूट आठ इंच भरतोय.

मनू (डॉक्टर): मग गेट नऊ फूट सहा इंच. बिजागरीला जागा सोड.

नाना: खांबाचा खड्डा मी खणून घेतो. त्या पोराला खणायचं कळत नाही.