मदत हवी आहे: होस्टाचं बी उगवेना (लातूर)

ओसरी:
नमस्कार मंडळी. ‘त्यापेक्षा मोगरा लाव’ हे घरात तिघांनी सांगून झालंय. ते सोडून बाकी काहीही सांगा.

धाकटा मुलगा नोकरीला पालमपूरला असतो. गेल्या पावसाळ्यात त्याच्याकडं गेले होते, तेव्हा घरमालकीणबाईंच्या परसात होस्टा पहिल्यांदा पाहिलं. भिंतीच्या गार सावलीत पंजापेक्षा रुंद पानं, पांढरी किनार, मधोमध जांभळट फुलांचा दांडा. गड्डा मागायची भीड वाटली. दिवाळीला मुलगा आला तर त्यांनीच वाळलेली बोंडं कागदात बांधून दिली होती. तिळाचं बोंड उकलतं तसंच उकलतं, पण तीन फाकांत. आतलं बी काळं, चपटं. कांद्याच्या बियाला इस्त्री फिरवल्यासारखं, आणि एका बाजूला पापुद्र्याचा पंख. काही बी मात्र पांढरं होतं.

पुडी मार्चपर्यंत फडताळात राहिली. मग तीन उद्योग केले.

एक. ‘या बियाला थंडी दाखवावी लागते’ असं कुठंतरी वाचलं. वीस बिया रात्रभर भिजवल्या आणि ओल्याच फ्रीजरमध्ये ठेवल्या, तीन आठवडे. पेरल्यावर एकही आली नाही.

दोन. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास तीसेक बिया गच्चीवर हिरव्या नेटखाली लावल्या. शेतातली काळी माती आणि शेणखत निम्मं निम्मं, बी बोटाच्या एका पेराएवढं खोल. पाणी बोअरचं. आठ दिवसांत वर पापडी धरली आणि वावरात पडतात तशा भेगा पडल्या. काडीनं उकरून पाहिलं तर बियांचा लगदा.

तीन. चिडून ऑनलाइन पाकीट मागवलं. वर निळ्या, जांभळ्या, लालभडक होस्टांचं चित्र. सहाव्या दिवशी झाडून सगळं बी वर! आता रोपं दोन इंचांची आहेत, देठ लालसर, पानाच्या टोकाला बारीक खाच. एवढ्या उन्हात तेच कसं उगवलं?

मुलानं आणलेल्या आता चौदा काळ्या बिया उरल्यात. त्या वाया घालवायच्या नाहीत.

काळी_माती:
ताई, तिसऱ्याचं आधी सांगतो. जमिनीतून वर येताना दोन दलं आली का एक? होस्टा एकदल आहे, शतावरी-निशिगंधाच्या कुळातलं. ज्वारीसारखं एकच पातं आधी येतं. तुरीसारखी दोन दलं निघाली असतील तर ते होस्टा नाही, विषय संपला. लालसर देठ आणि टोकाला खाच म्हणजे माझ्या मते माठ. निळ्या-लाल पानांची चित्रं संगणकावर रंगवलेली असतात. होस्टात निळसर म्हणजे पानावर राखेसारखा मेणाचा पातळ थर असतो, तो बोटानं पुसला जातो. लालभडक होस्टा मी तरी पाहिलं नाही.

ओसरी:
दोन दलं. म्हणजे मी महिनाभर माठाला फवारे मारतेय.

बागवेडी:
😄 मी पाच वर्षं बंगळुरात होते, तिथं होस्टा बियांपासून केलंय. इथं नाही, हे आधीच सांगते.

बियाला थंडी लागत नाही. थंडी लागते मोठ्या झाडाला, हिवाळ्यात झोपायला, आणि लोक दोन्हीची गल्लत करतात. कोरडं बी डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवलं तर टिकतं, पण भिजवून गोठवलं की आतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि बी फुटून मरतं. तुमची पहिली खेप तिथंच गेली.

दुसरी उन्हानं. उगवायला २० ते २५ अंश लागतात, मग आठवडा ते तीन आठवड्यांत अंकुर दिसतो. तुमच्याकडं वैशाखात गच्चीवर ४०-४२ म्हणजे बी शिजतंच. त्यात काळी माती. ती ओली असताना हवा कोंडते आणि वाळली की दगड. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) धुवून घ्या, थोडं वर्मीक्युलाइट (ओल धरणारं हलकं खनिज) घाला, बी नुसतं झाकेल एवढाच थर. शेणखत रोपं मोठी झाल्यावर.

शिवाय पुडी पाच महिने फडताळात होती. हे बी घरच्या उष्म्यात काही महिन्यांतच उतरतं. उरलेलं आजच कोरडं करून फ्रीजमध्ये टाका. पांढरं बी पोकळ असतं, ते फेका. काळ्यातही जाड टोकाला नखानं चाचपून बघा, गर्भ असेल तर बारीक फुगीर लागतं.

काळी_माती:
यात भर. मे-जूनमध्ये आपण सोयाबीनची उगवण गोणपाटात बघतो ना, शंभर दाणे मांडून, सत्तरच्या वर आले तर पेरायचं? तसंच करा. टिश्यू पेपर ओला करून पिळा, बिया मांडा, डब्यात झाकून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. मृगाचा पाऊस पडून हवा उतरल्यावरच. मोड आलेली तेवढी चिमट्यानं उचलून लावा. आणि बोअरचं पाणी नको. कुंडीच्या कडेला पांढरा खार धरत असेल तर कोवळ्या मुळाला तो सोसत नाही. पावसाचं पाणी धरून ठेवा. आरओच्या वाया जाणाऱ्या नळीचं तर अजिबात नको, त्यात खार आणखी जास्त.

एकपानी:
मन मोडायचं नाही, पण उगवलं तरी पुढं काय? होस्टा मूळचं जपान, कोरिया, चीनकडचं. बहुतेक जातींना हिवाळ्यात ५ अंशांच्या आत साधारण सहाशे-सातशे तास लागतात, नाहीतर गड्डा दरवर्षी बारका होत जातो. आपल्याकडं पारा १० च्या खाली जातो तो मोजक्या रात्री, आणि दुपारी परत २८. प्लँटॅजिनिया नावाची जात उष्णता बरी सोसते, पांढरी सुवासिक फुलं येतात. दांड्यावर जांभळट फुलं होती म्हणता, म्हणजे तुमची ती नव्हे. अजून एक, आईच्या पानाची पांढरी किनार बियातून उतरत नाही. रोपं साधी हिरवी निघतील.

ओसरी:
किनारीचं ऐकून वाईट वाटलं. त्या किनारीसाठीच तर सगळा खटाटोप. असो, हिरवं तर हिरवं.

बागवेडी:
पहिल्या वर्षी रोपांना झोपवायची गरज नसते, ती वाढतच राहतात. पुढच्या वर्षी पानं गळली की गड्डा कुंडीसकट फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात दीड-दोन महिने ठेवून बघा. उष्ण भागातले हौशी लोक असं करतात. माती किंचित ओलसर हवी, चिखल नको.

ओसरी (पावणेदोन महिन्यांनी):
उशिरा लिहितेय, माफ करा. आर्द्रा लागल्यावर मधल्या खोलीत, माठाशेजारी डबा ठेवला. माठ पाण्याचा, तो पाकिटातला उपटून टाकला. खोलीत पारा २६-२७. नखानं चाचपल्यावर चौदातल्या पाच बिया तशाच चपट्या निघाल्या, पण जीव होईना, सगळ्या मांडल्या. दहा दिवस काही नाही. अकराव्या दिवशी एकीच्या जाड टोकातून पांढरा ठिपका, सुईच्या टोकाएवढा. चौदात तीन आल्या. कागदी चहाच्या कपात भोकं पाडून लावल्या. काळी_माती दादा म्हणाले तसंच, आधी ज्वारीसारखं एक पातं, मग त्याच्या पोटातून रुंद पान.

एक गोगलगायीनं खाल्लं. २०२२ ला आमच्या भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे वाफेच्या वाफे फस्त केले होते, तेव्हापासून मी त्यांना ओळखून आहे. तरी कप रात्री ओसरीवर विसरलेच. सकाळी चकाकणारी रेघ आणि देठाचा खुंट.

दुसरं एक परवापासून बुडाशी तपकिरी होऊन कलतंय. बुरशीनं कोवळं रोप बुडाशी कुजून आडवं होतं, ते कोलमडणंच ना हे? तिसरं धडधाकट आहे, तीन पानांवर.

बागवेडी:
हो, कोलमडच. कलतंय तो कप आधी लांब ठेवा, नाहीतर तिसऱ्याला लागेल. कपावर झाकण असेल तर काढून टाका, पाणी वरून नको, खालून बशीत द्या आणि उरलेलं ओता. वाचलेल्याच्या मातीत चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी). सकाळचं कोवळं ऊन तासभर चालेल, दुपारचं अजिबात नाही. कप इतक्यात बदलू नका, चौथं पान येऊ द्या.

ओसरी:
कलतं वेगळं केलं. तिसरं न्हाणीघराच्या खिडकीत ठेवलंय, पूर्वेकडून ऊन येतं. भाजीच्या कप्प्याचं घरात अजून बोलले नाही.