मदत हवी आहे: बालहक्क समितीचं देशांनी ऐकलं नाही तर पुढे काय?

खडूची धूळ

नमस्कार मंडळी. मी नववीला शिकवते. हक्कांच्या धड्यात संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचा उल्लेख आहे. दोन वाक्यांत उरकून पुढे जाणार होते, तेवढ्यात एकीने हात वर केला. "बाई, एवढ्या देशांनी सही केली, पण ते तसं वागतात का हे बघतं कोण?" म्हटलं, जिनिव्हाला एक समिती आहे. "आणि देशाने तिचं ऐकलंच नाही तर?" घंटा झाली म्हणून वाचले.

घरी येऊन वाचलं ते असं: संहिता मान्य केलेले देश १९६. समितीत १८ तज्ज्ञ, मुदत चार वर्षं. देशाने पहिला अहवाल दोन वर्षांत द्यायचा, मग दर पाच वर्षांनी. इथवर ठीक. पण अहवाल लिहिणार सरकारच! म्हणजे पोराने स्वतःचं प्रगतिपुस्तक स्वतःच भरायचं आणि आपण ते तपासायचं, असंच ना? शिवाय समितीच्या कागदावर 'सीओ/५-६' असं काहीतरी असतं. मी खुळ्यासारखी पान ५-६ शोधत बसले. जाणकारांनी सांगावं, सोमवारी पुन्हा त्याच वर्गावर तास आहे.

पोटमाळा

बाई, नका एवढा विचार करू. हे देश एकमेकांना सांभाळून घेतात. आज मी तुला गोड बोलतो, उद्या तू मला.

रोजनिशी

पोटमाळा, तुमचा गोंधळ होतोय. देशांनी देशांना तपासायचं काम मानवाधिकार परिषदेत चालतं, तो आढावा २००८ पासून सुरू आहे आणि तिथे तुमची शंका अगदीच गैरलागू नाही. बालहक्क समिती वेगळी. तिचे सदस्य देशांनी निवडून दिलेले असले तरी बसतात वैयक्तिक नात्याने, सरकारचे प्रतिनिधी म्हणून नाही.

आता प्रगतिपुस्तकाचं. बाई, उपमा चपखल आहे, पण अर्धीच. सरकारच्या अहवालासोबत समितीकडे आणखी कागद येतात. त्या देशातल्या स्वयंसेवी संस्था पर्यायी अहवाल पाठवतात, युनिसेफ माहिती देतं, मुलांच्या गटांनाही स्वतःचं म्हणणं पाठवता येतं. संस्थांशी समिती आधी बंद दाराआड बोलते आणि मग सरकारला लेखी प्रश्नांची यादी जाते. माझ्या मते खरी तपासणी या यादीतच असते. सरकारी अहवालाला शब्दमर्यादा आहे, २१,२०० शब्द. त्यात अडचणीचं काय गाळायचं हे सरकारं बरोबर जाणतात, आणि गाळलेलं नेमकं प्रश्नांच्या यादीत उगवतं.

त्यानंतर समोरासमोर सुनावणी. साधारण सहा तास, दोन बैठकांत, इंटरनेटवर थेट दिसते. मी एक पूर्ण पाहिली होती. विषय होता कोठडीतली मुलं. शिष्टमंडळाच्या प्रमुखांनी नव्या कायद्याचं नाव, कलमं, उद्दिष्टं सगळं खणखणीत वाचून दाखवलं. सदस्यबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कायदा समजला. आज आत किती मुलं आहेत?" मागच्या रांगेत फायली उलटल्या, एकाने दुसऱ्याच्या कानात काही सांगितलं. शेवटी उत्तर आलं: आकडा लेखी कळवू. वर्गाला त्या सहा तासांतली एवढी दोन मिनिटं दाखवली तरी पुरे.

जुनं दप्तर

'सीओ' म्हणजे समितीची समारोपाची निरीक्षणं. '५-६' म्हणजे त्या देशाचा पाचवा आणि सहावा अहवाल एकत्र घेतला. असं जोडून घेणं नेहमीचंच, कारण अहवाल रखडतात.

तुमच्या विद्यार्थिनीला सरळ सांगा: दंड नाही, पोलीस नाहीत, तुरुंग नाही. समिती फक्त लिहिते. पण ती कशी लिहिते ते बघण्यासारखं आहे. एकाच देशाची लागोपाठची दोन निरीक्षणं शेजारी ठेवा. आधी 'चिंता वाटते' होतं तिथे पुढे 'गंभीर चिंता वाटते' येतं. आधीच्या शिफारशींची आठवण करून दिली जाते. हल्ली सुरुवातीलाच तातडीने हाताळायचे विषय वेगळे काढून देतात. हा कागद जाहीर असतो, त्यामुळे पुढे वकील तो कोर्टात ठेवतात, विरोधी पक्ष सभागृहात वाचतो. एरवी संस्थांचा आरोप म्हणून झटकून टाकता येतं, हे तसं टाकता येत नाही.

तक्रारीचीही वाट आहे. २०११ चा ऐच्छिक प्रोटोकॉल, म्हणजे संहितेला जोडलेला आणि देशांनी वेगळा मान्य करायचा पूरक करार, २०१४ पासून लागू झाला, आणि तो मान्य केलेल्या देशाविरुद्ध मूल थेट समितीकडे जाऊ शकतं. अट अशी की आधी घरचे उपाय, म्हणजे देशातली कोर्टं वगैरे, संपवायला हवेत. २०१९ मध्ये ग्रेटा थुनबर्गसह १६ मुलांनी हवामानबदलावरून पाच देशांविरुद्ध तक्रार केली होती. २०२१ मध्ये समितीने ती याच अटीवर नाकारली. मात्र आपल्या हद्दीतल्या प्रदूषणाचा फटका सीमेपलीकडच्या मुलांना बसला तरी देश जबाबदार ठरू शकतो, हे मान्य केलं. हरलेल्या खटल्यातून एवढं हाती लागणं थोडं नाही.

आणि हो, 'सही केली' हा शब्द जपून वापरा. अमेरिकेची सही १९९५ ची आहे, पण मान्यता, म्हणजे संहिता स्वतःवर बंधनकारक करून घेणं, आजतागायत नाही, त्यामुळे मूळ संहितेखाली तिचा अहवालच नाही. गंमत म्हणजे मुलांना युद्धात वापरणं आणि मुलांची विक्री यांवरचे २००० सालचे दोन्ही प्रोटोकॉल तिने मान्य केलेत. त्यांचे अहवाल ती देते.

पोटमाळा

रोजनिशी, चूक मान्य. ते दोन्ही मी एकच समजत होतो.

खडूची धूळ

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारचा तास झाला. सही आणि मान्यतेतला फरक फळ्यावर लिहिला, '५-६' ची माझी फजितीही सांगितली. आता वर्गातच सुनावणी भरवायचं ठरलंय, पण नवीनच पेच: समितीत बसायला सगळे तयार, देश व्हायला कोणीच नाही.