लुडविगचा जुना मेटल स्नेअर आणि एक 'रेडिओ किंग', शनिवारच्या आत सांगा प्लीज

नेपरव्हिलकर:
मंडळी नमस्कार. मी शिकागोजवळ राहतो, इकडे एका एस्टेट सेलमध्ये (घरातलं जुनं सामान विकतात तिथे) दोन जुने स्नेअर, म्हणजे खालच्या पडद्याला तारा असलेले ड्रम, बघितले आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाहीये. एक मेटलचा, 14 बाय 5 इंच, लुडविग कंपनीचा कीस्टोन बॅज (नावाची छोटी पट्टी), शेलच्या (ड्रमच्या गोल अंगाच्या) मधोमध गोल उठाव फिरलाय, दहा लग (पडदा ताणायचे स्क्रू बसतात ते तुकडे). पण क्रोमवर बारीक पुळ्या आल्यात आणि थ्रो-ऑफच्या (तारा ताणायच्या-सैल करायच्या खटक्याच्या) बाजूला तर पापुद्रे सुटलेत. विकणाऱ्या आजी म्हणाल्या त्यांचे मिस्टर साठच्या दशकात क्लबमध्ये वाजवायचे, शेल पितळेचा आहे, 450 डॉलर. दुसरा लाकडी, पांढरा मोतिया रॅप (वरचं आवरण), स्लिंगरलँड कंपनीचा, त्यांच्या मते 'रेडिओ किंग' मॉडेल, 600. मला एकच परवडणारे. आजी एकदम सज्जन आहेत, फसवतायत असं अजिबात वाटलं नाही, पण त्यांनाही ऐकीव माहिती असणार ना. नेमकं काय बघू?

पितळी_शेल:
पापुद्रे सुटलेत म्हणतोस ना, मग तो पितळेचा नसणार, ॲल्युमिनियमचा असणार, आणि ही वाईट बातमी नाहीये! तू सांगतोयस तो वर्णनावरून लुडविगचा सुप्राफोनिक 400 मॉडेल वाटतोय. सुरुवातीचे शेल पितळेवर क्रोम होते, मग 1963 च्या सुमारास लुडविगने ॲल्युमिनियमचा मिश्रधातू घेतला, त्याला ते लुडअलॉय म्हणतात. ॲल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही, घाम, दमट हवा, तळघरातली ओल वर्षानुवर्षं आत शिरत राहते, खालून धातू गंजायला लागतो आणि वरचं क्रोम फुगून सुटतं. पितळेवर सहसा असं होत नाही. आवाजाला याने काडीचा फरक पडत नाही, जगभरच्या स्टुडिओत असे पुळ्यावाले सुप्रा रोज रेकॉर्ड होतायत. लेड झेपेलिनचा ड्रमर बॉनहॅम याचा साडेसहा इंच खोल 402 याच घरातला.

खात्री करायची तर खिशात छोटा लोहचुंबक ने. हूपला (पडदा धरणाऱ्या कड्याला) लावू नकोस, हूप सहसा स्टीलचे असतात, ते चिकटणारच, शेलला लाव. चिकटला तर स्टील, म्हणजे सुप्रा नाही. नाही चिकटला तर पितळ किंवा ॲल्युमिनियम, मग जिथे क्रोम उडालंय तिथे बघ, राखाडी-पांढुरकं दिसलं की ॲल्युमिनियम, पिवळं दिसलं की पितळ. वजनातही कळतं, पितळेचा हातात घेतल्यावर लगेच जड लागतो.

आणि बॅजवर फार विसंबू नकोस. कीस्टोन म्हणजे साधारण 1969-70 च्या आधीचा हे ठीक, पण कारखान्यात बॅज खोक्यातून हाताला येईल तो लावायचे, त्यामुळे बॅजवरच्या सिरीयल नंबरावरून वर्ष अंदाजेच निघतं. शिवाय बॅज काढून दुसऱ्या शेलला लावता येतो, शेल नाही बदलता येत. त्याच काळातला लुडविगचाच ॲक्रोलाइटही बघून ठेव, ॲल्युमिनियमचाच पण क्रोम नाही आणि लग आठ, तो स्वस्तात मिळाला तर डोळे झाकून घे.

सागवानी:
लाकडीबद्दल मी लिहिते. आजींना सांग वरचं हेड (वाजवायचा पडदा) काढून आत बघू द्या, नाही म्हणाल्या तर 600 देऊ नकोस.

खऱ्या रेडिओ किंगचा शेल म्हणजे मेपलची एकच अख्खी फळी वाफेवर वाकवून दोन टोकं चिकटवलेली, आणि वर-खाली आतून लाकडाच्या रिंगा. म्हणून आत बघशील तेव्हा लाकडाच्या रेषा सलग फिरताना दिसतात आणि एका जागी उभा सांधा दिसतो. शेलची वरची कड टॉर्च मारून बघ, तिथे रिंग आणि शेल एवढे दोनच थर दिसले पाहिजेत, पातळ थरांची चळत दिसली तर तो प्लायचा आहे. स्लिंगरलँडने हे नाव लावलेल्या सगळ्याच ड्रमचे शेल एका फळीचे नव्हते. जुना प्रसिद्ध जॅझ ड्रमर जीन क्रुपा याच्यामुळे या नावाला इतका भाव आला की लोक लाकडी स्लिंगरलँड दिसला की रेडिओ किंग म्हणतात, आजींचंही तेच होत असेल.

तो सांधा मात्र नीट तपास. जुन्या एका फळीच्या शेलची खरी दुखरी जागा तीच. नखाने फिरवून बघ, नख अडकत असेल तर सांधा उघडायला लागलाय, मग शेलचा गोलपणा जातो आणि ट्यूनिंग टिकतच नाही. टेपने आडवं-उभं दोन्ही व्यास मोज. रॅपचा सांधा वेगळा असतो, तो सुटलेला चालतो, परत चिकटवता येतो.

ताशा_ते_स्नेअर (पुणे):
वरच्या दोघांनी मुद्द्याचं सगळं सांगितलंच आहे, माझं एवढंच की नंतर कोणी पाडलेली भोकं शोध. थ्रो-ऑफ बदलताना लोक बिनधास्त ड्रिल मारतात आणि मग किंमत धाडकन पडते. एकेक टेन्शन रॉड (हेड ताणायचा स्क्रू) हाताने फिरवून बघ, जाम असेल तर जबरदस्ती नको, लगचे आटे जातात. इकडे जुन्या बाजारात कोणी "विंटेज पितळी स्नेअर" म्हणून जे दाखवतो तो बरेचदा मेरठचा बँडवाल्यांचा साइड ड्रम असतो, चांगली चीज आहे पण ड्रम किटसाठी नाही. तू लुडविग जिथे बनायचे त्या शहराच्या दारात बसलायस रे, डेमन ॲव्हेन्यूला कारखाना होता, असे ड्रम तिकडे घराघरातून निघतात, घाई नको करू.

नेपरव्हिलकर:
जाऊन आलो! मेटलवाला, चुंबक चिकटला नाही, उडालेल्या जागी राखाडी, जास्तीचं भोक एकही नाही, आतला मफलरसुद्धा (आवाज दाबायची गादी) जागेवर. लाकडीचं हेड आजींनी स्वतः काढू दिलं, कडेला तीन थर सरळ दिसले, त्यांनाही दाखवले, त्या म्हणाल्या बरं झालं कळलं, आता किंमत कमी करते. मेटलचा 380 ला दिला. आता पुळ्या पॉलिश करू का?

पितळी_शेल:
अभिनंदन! पॉलिश, स्टीलवूल काहीही लावू नकोस, सुटलेलं क्रोम अजून उचकटेल. कोरड्या मऊ फडक्याने पूस, पापुद्र्याची धार बोटाला लागते तिथे सांभाळून. नवीन हेडं टाक, वर कोटेड (लेप दिलेलं) आणि खाली तारांच्या बाजूचं पातळ, म्हणजे स्नेअर साइड, आणि तारा बांधलेल्या दोऱ्या जुन्याच असतील तर आधी त्या बदल. लगमधून बारीक झिणझिण ऐकू आली तर आत स्प्रिंग असतात, त्यांच्याभोवती फेल्टचा तुकडा सरकव. मग वरचं हेड कडक चढव आणि इथे क्लिप टाक.