'द विझर्ड ऑफ ऑझ' नेमका कोणाचा?

उंटावरचा शहाणा

सिनेमा दिग्दर्शकाचा असतो, हे आपण इतकं गृहीत धरलंय की नाव बघूनच सिनेमा आवडवून घेतो. मग 'द विझर्ड ऑफ ऑझ' (१९३९) कोणाचा? पडद्यावर नाव व्हिक्टर फ्लेमिंगचं. आता हिशेब मांडू.

ऑक्टोबर १९३८ मध्ये शूटिंग सुरू केलं रिचर्ड थॉर्पने. दोनेक आठवड्यांत एमजीएम स्टुडिओने त्याला नारळ दिला आणि त्याने शूट केलेलं जवळजवळ सगळं बाद केलं. मग काही दिवसांपुरता जॉर्ज क्यूकर आला. त्याने नायिका डोरोथी झालेल्या ज्युडी गार्लंडचा सोनेरी टोप आणि बाहुलीछाप मेकअप उतरवला, आणि एक फूटही फिल्म खर्च न करता गेला. मग फ्लेमिंग. फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यालाही 'गॉन विथ द विंड'वर पळवलं, आणि कॅन्ससचे, म्हणजे डोरोथीच्या घरचे प्रसंग किंग विडोरने उरकले. त्यातच 'ओव्हर द रेनबो' आहे! ज्या गाण्यासाठी सिनेमा ओळखला जातो, ते नाव लागलेल्या दिग्दर्शकाचं नाहीच. विडोरही भला माणूस, फ्लेमिंग हयात असेपर्यंत त्याने याबद्दल चकार शब्द काढला नाही.

माझं मत: हा सिनेमा कारखान्याचा आहे. दिग्दर्शक म्हणजे पाळीवरचा मुकादम. आणि तरीही (किंवा म्हणूनच) तो उत्तम आहे. या, हाणा.

तिसरी घंटा

असहमत. तुमच्याच उदाहरणाने तुमचं म्हणणं पडतं. मुकादम कोणीही चालत असता, तर थॉर्पला काढलं कशाला? क्यूकरने गार्लंडला सांगितलं की परीकथेतल्यासारखं नटू-मुरडू नकोस, तू कॅन्ससच्या शेतावरची साधी पोरगी आहेस. ती मुलगी खरी वाटते म्हणून बाकीचा सगळा खोटेपणा आपण चालवून घेतो. दिग्दर्शन म्हणतात ते हेच. कॅमेरा न लावताही करता येतं.

उंटावरचा शहाणा

बरं, पण थॉर्पला काढलं कोणी आणि क्यूकरला आणलं कोणी? निर्माता मर्विन लरॉय आणि त्याचा सहायक आर्थर फ्रीड. फ्रीडचं तर श्रेयनामावलीत नावही नाही. प्रीव्ह्यूनंतर (प्रदर्शनाआधीच्या चाचणी खेळानंतर) 'ओव्हर द रेनबो' कापायचं ठरत होतं, सिनेमा लांबतो म्हणून. ते वाचलं या दोघांच्या हट्टामुळे.

सुरपेटी

तुम्ही दोघं गीतकाराला विसरताय याचं नवल नाही, सगळेच विसरतात. यिप हार्बर्ग. सिनेमा ज्यावर बेतलाय त्या फ्रँक बॉमच्या १९०० सालच्या पुस्तकात कॅन्सस करडं आहे, पण इंद्रधनुष्य नाही. ते हार्बर्गचं. संगीत हॅरोल्ड आर्लेनचं. पटकथेवर नावं तिघांची, हात लागले त्याहून कितीतरी जास्त जणांचे. गाणी आणि संवाद एकमेकांत मुरवण्याचं काम हार्बर्गने केलं. शेवटी जादूगार बुजगावण्याला मेंदूऐवजी पदवी देतो, सिंहाला धैर्याऐवजी पदक, तो प्रसंग त्याच्या लेखणीचा. असला तिरकसपणा स्टुडिओच्या कारखान्यात तयार होत नाही.

लोखंडे_पुणे

आणि ज्यांची नावं कोणालाच येत नाहीत त्यांचं काय? ते दार आठवा. डोरोथी सेपिया (तपकिरी) रंगाच्या घरातून दार उघडते आणि बाहेर ऑझच्या जादूनगरीत रंगच रंग. बऱ्याच जणांना ही लॅबमधली करामत वाटते. तसं नाही! तो शॉट रंगीत फिल्मवरच घेतलाय. घराची आतली बाजू सेपिया छटांत रंगवली होती, आणि पाठमोरी दिसते ती गार्लंड नाहीच, तपकिरी कपड्यांतली तिची डबल, म्हणजे बदली नटी आहे. ती दार उघडून फ्रेममधून बाजूला होते आणि निळ्या झग्यातली खरी गार्लंड पुढे येते. कटही नाही. पुन्हा पुन्हा थांबवून बघितलं तरी चटकन कळत नाही.

डोरोथीचं घर उडवून नेणारी वावटळ म्हणजे आर्नल्ड गिलेस्पीने केलेला मलमलीचा सुमारे ३५ फुटी मोजा, वरच्या क्रेनला टांगून फिरवलेला. आधी रबराचा केला होता, तो वळेचना. रच्याकने, पुस्तकातले डोरोथीचे चंदेरी बूट टेक्निकलरमध्ये (रंगीत फिल्मच्या तंत्रात) खुलून दिसावेत म्हणून लाल केले. हे सगळं कोणाच्या 'दृष्टी'तून आलं म्हणायचं?

माई_ठाणेकर

कारखान्याचं कौतुक चाललंय, तर त्याच कारखान्यातले अपघातही मोजा.

टिनमॅन (पत्र्याचा माणूस) आधी बडी एब्सन होता. मेकअपमधली अॅल्युमिनियमची पूड फुप्फुसात जाऊन तो इस्पितळात पोचला. जागी जॅक हेली आला, पूड जाऊन तिची पेस्ट आली, आणि एब्सनचं काय झालं हे हेलीला सांगितलंही नाही. एब्सनचा आवाज काही समूहगीतांत अजून ऐकू येतो. तेवढा मात्र ठेवला.

२३ डिसेंबर १९३८. चेटकीण धुरात गायब होते तो प्रसंग. मार्गारेट हॅमिल्टन जमिनीतल्या सरकत्या फळीवरून खाली जायच्या आतच ज्वाळा उठल्या. तोंडाला हिरवा रंग, त्यात तांबं. चेहरा आणि हात भाजला, सहा आठवडे घरी. पडद्यावर दिसतो तो आधीचा टेक, म्हणजे ती भाजली तो टेक कामालाही आला नाही. दावा लावला नाही, कारण पुन्हा काम मिळालं नसतं. परत आली ती आगीजवळ जाणार नाही या अटीवर, तर धुराच्या झाडूवर तिची डबल बेटी डँको बसवली आणि ती जखमी झाली.

पुढचा टेक मागितला कोणी? त्या दिवशी सेटवर दिग्दर्शक फ्लेमिंगच होता. सिनेमा कारखान्याचा म्हटलं की श्रेय वाटून घेता येतं, आणि जाब कोणालाच विचारता येत नाही. म्हणून मला हे 'कोणाचाच नाही' प्रकरण आवडत नाही.

तिसरी घंटा

+१ माई. म्हणजे तुम्हीही दिग्दर्शकालाच मोजता.

माई_ठाणेकर

मी फ्लेमिंगला मोजते ते त्याला हार घालायला नव्हे. आणि एमजीएमलाही सोडत नाही.

लोखंडे_पुणे

आणखी एक. खर्च जवळपास २८ लाख डॉलर, पहिल्या फेरीत तोटा. फायदा १९४९ मध्ये पुन्हा प्रदर्शित केल्यावर. घराघरांत पोचला तो ३ नोव्हेंबर १९५६ ला सीबीएस या अमेरिकन वाहिनीने टीव्हीवर दाखवल्यापासून. त्याला अभिजात केलं ते टीव्हीसमोर बसलेल्या पोरांनी.

सुरपेटी

आणि त्यातल्या बहुतेकांचे टीव्ही कृष्णधवल होते, लोखंडेसाहेब! तुमचं ते दार उघडलं तरी त्यांना आत-बाहेर सगळं करडंच दिसलं. लाल बूटही काळे. तरीही पोरं खिळून बसली. मग काय उरलं? गाणी.

उंटावरचा शहाणा

ठीक, माझं मत हार्बर्गला. त्याचा करार कोणाशी होता तेवढं सांगा.

सुरपेटी

एमजीएमशी. हसा आता.