मृत्युपत्र आणि व्हेंटिलेटरबद्दलची इच्छा एकाच कागदावर लिहिली तर चालेल का?

वाटसरू:
बाबा ७८ चे आहेत, डोकं एकदम शाबूत. त्यांना मृत्युपत्र करायचंय आणि त्यातच शेवटी "मला मशीनवर लटकवत ठेवू नका" असंही लिहायचं म्हणतायत. स्टॅम्प पेपर लागतो का? रजिस्टर करावंच लागतं का? आणि साक्षीदार म्हणून मी आणि ताईने सह्या केल्या तर चालेल ना?

चौकस:
स्टॅम्प पेपर नको, साध्या कागदावर हाताने लिहिलं तरी चालतं. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाहीये पण करून टाका, उद्या कोणी सही खोटी म्हणालं तर बरं पडतं. खरी मेख साक्षीदारांची. दोन लागतात, बाबांनी त्यांच्या डोळ्यांदेखत सही करायची आणि मग त्या दोघांनी बाबांसमोर. तुम्ही दोघं नकोच, ज्याला वाटा मिळणार त्याचीच साक्ष म्हणजे भांडणाला आयतं निमित्त. आणि साक्षीदार वयाने लहान बघा हो, बाबांचेच मित्र घेतले तर पुढे कोर्टात उभं राहायला उरणार कोण? त्याच तारखेचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा, मानसिक स्थिती ठीक आहे असं.

खडूस काका:
मशीनचं त्यात अजिबात लिहू नका!! मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, तेव्हा वाचून काय करणार? त्याला लिव्हिंग विल वेगळं करायचं, म्हणजे शुद्ध हरपली तर कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मान्यता दिली पण तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, कोण जाणार त्या फंदात, मग २०२३ मध्ये सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. बाबा बोलू शकले नाहीत तर कोणी ठरवायचं त्यांची नावं घाला. "लटकवत ठेवू नका" हे फार मोघम झालं, कुठल्या अवस्थेत कुठले उपचार नकोत ते स्पष्ट हवं. तरी कागद दाखवला की लगेच मशीन बंद असं होत नाही, आधी दोन मेडिकल बोर्ड, म्हणजे डॉक्टरांच्या समित्या, बघतात. कपाटात कुलूपबंद ठेवू नका, फॅमिली डॉक्टरकडे एक प्रत द्या.

वाटसरू:
बापरे, बरं झालं विचारलं. बँकेत ताई नॉमिनी आहे, मग ते पैसे मृत्युपत्रात नाही लिहिले तर चालेल?

चौकस:
लिहाच. नॉमिनी मालक नसतो, बँक त्याच्या हातात पैसे देते एवढंच, हक्क वारसांचा. वडिलोपार्जित काही असेल तर त्यात बाबांचा स्वतःचा हिस्साच देता येतो. आणि "आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द" हे वाक्य विसरू नका.