इमारतीला पार्किंगची सक्ती असावी का?

मूळ लेख

नवी इमारत बांधताना प्रत्येक घरामागे, दुकानाच्या ठरावीक क्षेत्रफळामागे, रुग्णालयाच्या खाटांमागे इतक्या इतक्या मोटारींची जागा राखलीच पाहिजे, अशी अट जगातल्या असंख्य शहरांच्या बांधकाम नियमांत आहे. ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यावर वाद घालावा असे सहसा कोणाला वाटत नाही. ही अट काढून टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते इथे तपासून घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे.

अट फार जुनी नाही. अमेरिकेतल्या कोलंबस शहराने १९२३ साली निवासी इमारतींना ती लावली. पुढे १९३५ साली ओक्लाहोमा सिटीत रस्त्याच्या कडेला पहिले पार्किंग मीटर, म्हणजे मोटार उभी करण्याचे पैसे घेणारे यंत्र, बसवले गेले. म्हणजे एकाच अडचणीवरचे दोन उपाय शहरांसमोर साधारण एकाच काळात आले होते. रस्त्यावरच्या जागेचे पैसे मोटारवाल्याकडून घ्यावेत, हा एक. आणि ज्याच्या दारी मोटार येणार त्यानेच ती उभी करण्याची सोय करावी, हा दुसरा. दुसरा उपाय लोकप्रिय झाला, कारण त्याचा खर्च मोटारवाल्याच्या नजरेस पडत नाही. तो घराच्या किमतीत, भाड्यात आणि दुकानातल्या मालाच्या दरात मिसळून जातो, आणि ज्याच्याकडे मोटारच नाही त्यालाही तो भरावा लागतो. डोनाल्ड शूप या अभ्यासकाने आपली जवळजवळ सगळी कारकीर्द हाच मुद्दा पटवून देण्यात घालवली.

मी इमारतींचे आराखडे काढतो, त्यामुळे हा खर्च मला कागदावर रोज दिसतो. एक मोटार उभी करायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब चौकट लागते, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. परंतु मोटार त्या चौकटीपर्यंत पोचायला आणि वळायला मार्गिका लागते, आणि ती धरली की प्रत्येक मोटारीचा वाटा २५ ते ३० चौरस मीटरवर जातो. एवढ्या जागेत एका माणसाचे लहानसे पण पूर्ण घर बसते. तळघरात पार्किंग करायचे ठरवले, तर तीन मीटर खाली उतरण्यासाठी एकास आठच्या चढाने किमान २४ मीटर लांबीचा रॅम्प लागतो, आणि मोटारीचा तळ घासू नये म्हणून दोन्ही टोकांना चढ सौम्य करावा लागल्याने ती लांबी आणखी वाढते. लहान भूखंडावर हा रॅम्पच अर्धा तळमजला खातो. त्यानंतर खांबांची पाळी येते. खाली दोन खांबांच्या मध्ये किती मोटारी बसतात यावर खांबांमधले अंतर ठरते, आणि वरच्या मजल्यावर तोच खांब कोणाच्या तरी झोपायच्या खोलीत, दारापासून हातभर अंतरावर येऊन उभा राहतो. तो कुठे लपवायचा यात माझे कित्येक दिवस गेले आहेत.

लंडनने २००४ मध्ये ही किमान अट काढली आणि उलट कमाल मर्यादा घातली. त्यानंतरच्या निवासी प्रकल्पांत पार्किंगच्या जागा सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, आणि ही घट प्रामुख्याने किमान अट गेल्यामुळेच झाली, असे पुढील अभ्यासात आढळले. याचा सरळ अर्थ असा, की अट नसती तर त्या जागांपैकी बऱ्याच जागा कोणी बांधल्याच नसत्या. मेक्सिको सिटीनेही २०१७ मध्ये हाच बदल केला.

प्रतिसाद १ : असहमत

आपण खर्चाचा हिशेब नीट मांडला आहे, पण तो इमारतीच्या कुंपणापाशी थांबतो. कुंपणाबाहेर काय होते ते मी सांगते.

माझा भाऊ पूर्ण अंध आहे. पदपथावर उंचवट्याच्या रेषा असलेल्या ज्या पिवळ्या फरश्या असतात, त्यांच्या आधाराने तो एकटा कामावर जातो. आमच्या रस्त्यावर मोटारींना जागा कमी पडू लागली, तशा त्या दोन चाके पदपथावर चढवून उभ्या राहू लागल्या. त्याची काठी आधी बंपरवर आपटते. मग तो हाताने मोटारीची कड चाचपत रस्त्यावर उतरतो, वाहत्या गाड्यांच्या बाजूने तिला वळसा घालतो आणि पुन्हा ती फरशी शोधतो. ज्या दिवशी ओळीने तीन मोटारी असतात, त्या दिवशी तो मला फोन करतो. इमारतीत जागा दिली नाही म्हणून मोटार नाहीशी होत नाही, ती अशी माझ्या भावाच्या वाटेत येऊन उभी राहते.

दुसरे असे, की अट काढल्याने घरे स्वस्त होतील हे आपण गृहीत धरले आहे. घराची किंमत बांधकामाच्या खर्चावर जेवढी ठरते, तेवढीच गिऱ्हाईक किती द्यायला तयार आहे यावरही ठरते. घरांची टंचाई असलेल्या शहरात विकासक वाचलेला पैसा स्वतःकडे ठेवील किंवा जमीनमालक तो आधीच वाढीव भावात वसूल करील, आणि रस्त्यावरची गर्दी तेवढी सर्वांच्या वाट्याला येईल.

प्रतिसाद २ : मूळ लेखाशी सहमत

टंचाईचा मुद्दा मान्य आहे, पण टंचाई कशामुळे आहे हेही पाहायला हवे. अटीमुळे काही घरे महाग होतात आणि काही घरे बांधलीच जात नाहीत. लॉस एंजेलिसच्या जुन्या मध्यवर्ती भागात कार्यालयांच्या कित्येक इमारती रिकाम्या पडल्या होत्या. त्यांत घरे करायची म्हटले तर पार्किंग कुठून आणायचे, कारण मोटारी आम होण्याआधी उभ्या राहिलेल्या इमारतीच्या पोटात तळघर कोरता येत नाही. शहराने १९९९ मध्ये अशा रूपांतरासाठी नव्या पार्किंगची अट शिथिल केली, आणि त्या इमारतींत हजारो लोक राहायला आले. विकासकांनी पार्किंग दिलेच नाही असेही झाले नाही. जिथे मागणी होती तिथे त्यांनी जवळपासच्या वाहनतळांत जागा भाड्याने घेऊन दिल्या.

रस्त्यावरच्या गर्दीवर उपाय रस्त्यावरच करावा लागेल. लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडेना शहराच्या जुन्या बाजारपेठेत १९९३ मध्ये मीटर बसवायचे ठरले, तेव्हा गिऱ्हाईक तुटेल या भीतीने दुकानदार विरोधात होते. मीटरचे उत्पन्न त्याच बाजाराचे पदपथ, दिवे आणि झाडे यांवर खर्च होईल, असे ठरल्यावर ते तयार झाले. लोकांचा विरोध पैसे देण्याला जितका असतो, त्याहून अधिक तो पैसा कुठे जातो हे कळत नाही याला असतो, असे मला वाटते.

प्रतिसाद ३ : असहमत

पॅसाडेना सांगितले, तर शिकागोही सांगायला हवे. त्या शहराने २००८ मध्ये आपले सुमारे ३६,००० पार्किंग मीटर ७५ वर्षांच्या कराराने खासगी कंपनीला दिले, आणि त्या बदल्यात सुमारे १.१५ अब्ज डॉलर एकरकमी घेतले. दर लगेच वाढले. पण त्याहून मोठी हानी अशी, की सायकल मार्गिका, बसची मार्गिका किंवा रुंद पदपथ यांसाठी मीटरची जागा काढायची झाली, तर शहराला आता कंपनीला भरपाई द्यावी लागते. रस्ता सार्वजनिक असूनही त्याची कडा दोन पिढ्यांसाठी गहाण पडली. रस्त्यावरच्या जागेला किंमत लावा असे जे म्हणतात, त्यांनी ते उत्पन्न तारण म्हणून वापरता येणार नाही, अशी तरतूद आधी मागितली पाहिजे.

आणखी एक गोष्ट मला बोचते. या चर्चेत मोटार असलेला माणूस नेहमी सुखवस्तू धरला जातो. रात्रपाळी संपवून पहाटे परतणारी परिचारिका, अवजारे घेऊन घरोघर जाणारा नळकारागीर, ही माणसे मध्यवर्ती भागातले भाडे परवडत नाही म्हणून शहराच्या कडेला राहतात, आणि त्यांच्या वेळेला तिथे बस नसते. त्यांच्या इमारतीतून पार्किंग काढणार आणि रस्त्यावर दर लावणार, म्हणजे दोन्हीकडून त्यांनाच पकडणार.

धागालेखक

प्रतिसाद १ मधल्या भावाचा अनुभव वाचल्यावर माझ्या लेखात एक मोठी उणीव होती हे कबूल करतो. मी अट काढा म्हटले, पण रस्त्याचे काय करावे हे लिहिले नाही.

जपानचे उदाहरण मला यात सर्वांत उपयोगी वाटते. तिथे १९६२ च्या कायद्यानुसार मोटार नोंदवताना ती ठेवण्याची जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत आहे, असा दाखला पोलिसांकडून घ्यावा लागतो, आणि रात्री आठ तासांहून अधिक काळ मोटार रस्त्यावर ठेवणे हा गुन्हा आहे. जबाबदारी तिथे मोटार घेणाऱ्यावर आहे. ज्याला मोटार हवी तो जागा शोधतो, भाड्याने घेतो, आणि ज्याला नको त्याच्या घरभाड्यात तिचा भार पडत नाही. टोकियोच्या वस्त्यांतल्या कित्येक गल्ल्यांना पदपथ नाहीत, तरी मुले आणि म्हातारी माणसे तिथून निर्धास्त चालतात, कारण कडेला मोटारींची रांग नसते.

अपंग व्यक्तींसाठीची जागा मात्र सक्तीचीच राहिली पाहिजे. मोटारीतून व्हीलचेअरवर उतरायला मोटारीच्या बाजूला मीटरभर मोकळी जागा लागते आणि ती बाजारावर सोडून मिळणार नाही.

प्रतिसाद ४

इमारतींच्या बांधकामातला एक मुद्दा राहून गेला आहे, म्हणून थोडक्यात. रॅम्पवरच मोटारी उभ्या करणारे, म्हणजे तिरप्या मजल्यांचे वाहनतळ पुढे कशाच्याही कामी येत नाहीत. मजल्याची उंची जेमतेम सव्वादोन मीटर असते, जमीन उतरती असते, मध्यभागी उजेड पोचत नाही. आज सक्तीने बांधलेले पार्किंग तीस वर्षांनी नको झाले, तर ते पाडण्याखेरीज पर्याय उरत नाही. बांधायचेच असेल तर सपाट मजले आणि राहण्याजोगी उंची ठेवण्याचा नियम करावा.

प्रतिसाद १ : पुन्हा

धागालेखकांनी मुद्दा मोकळेपणाने मान्य केला याबद्दल आभार. तरीही जपानचे उदाहरण मला पुरेसे वाटत नाही. तो कायदा १९६२ चा आहे, घरोघरी मोटारी येण्याच्या आधीचा. लोकांनी मोटार घेतानाच तो नियम पाळला, आणि जोडीला दाट रेल्वे होती. जिथे लाखो मोटारी आधीच रस्त्यावर झोपतात, तिथे दाखल्याचा नियम फक्त नव्या नोंदणीला लावता येईल, आणि जुन्या मोटारी पुढची पंधरा वर्षे होत्या तिथेच राहतील. तेवढ्या काळात माझ्या भावाने काय करावे?

म्हणून माझा आग्रह क्रमाबद्दल आहे. एखाद्या भागात पदपथावर चढलेली मोटार उचलली जाते, रहिवाशांसाठी रस्त्यावर मोटार ठेवण्याचे परवाने सुरू झाले आहेत, आणि रात्रपाळीच्या माणसाला घरी पोचवणारी बस धावते आहे, हे आधी दिसू द्या. ज्या भागात हे झाले असेल, त्या भागातल्या नव्या इमारतींची अट काढण्यास माझा विरोध राहणार नाही. सरसकट सगळ्या शहरात एकाच दिवशी ती काढण्यास मात्र राहील.

धागालेखक

क्रम मान्य आहे, पण त्याला मुदत हवी, एवढाच माझा फरक. बस येईपर्यंत अट ठेवू असे म्हटले, की प्रत्येक नव्या इमारतीखाली आणखी शंभर मोटारींची सोय होते, त्या मोटारी रस्त्यावर येतात, बस त्यांच्यात अडकते आणि बस वेळेवर येत नाही म्हणून अट तशीच राहते. पदपथ मोकळा करण्याचे काम मात्र अटीशी बांधायलाच नको. मोटार उचलणारी गाडी, दंड आणि पदपथाच्या कडेला हातभर अंतराने रोवलेले खुंट एवढेच त्याला लागते, आणि ते आजच्या नियमांतही करता येते.