पस्तिशीची अट आणि हातातले आठवडे

'पस्तिशीच्या आत अ‍ॅम्निओ कशाला?' या प्रश्नावरून लिहितो. अ‍ॅम्निओ म्हणजे सुईने गर्भजल काढून बाळाची गुणसूत्रं तपासणं. १९९४च्या पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यात अशा तपासणीसाठी वय ३५च्या वर, दोन किंवा जास्त गर्भपात, घराण्यातला आजार अशी कारणं आहेत खरी. पण डाऊन सिंड्रोम (एक गुणसूत्र जादा असणं) असलेली बरीच बाळं तरुण आयांनाच होतात, कारण बाळंतपणंच त्या वयात जास्त.

वहिनी २९ची. डबल मार्कर या रक्ततपासणीत डाऊनचा धोका १:१८० आला, म्हणजे १८०त एक. म्हणून अ‍ॅम्निओ ठरलं. अ‍ॅम्निओ १५ आठवडे भरल्याशिवाय करत नाहीत, पेशी वाढवून तपासतात त्या कल्चरचा रिपोर्ट यायला पुढे दोन-तीन आठवडे. तोवर घरात बारशाचा विषय कुणी काढेना. संमतीचा फॉर्म 'जी' बाईला कळेल अशा भाषेत हवा, पण वहिनीपुढे इंग्रजी कागद सरकवला, "इथे सही करा."

गर्भलिंगनिदानाला चाप हवाच, १९८८ साली पहिला कायदा महाराष्ट्रानेच केला. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीने बाळात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही गर्भपातासाठी मेडिकल बोर्डाकडे जाता येतं, तेही बरंच झालं. पण बोर्डापर्यंत पोचायला आधी निदान हवं ना! आमच्या तालुक्यात अ‍ॅम्निओ करणारं कुणी नाही. पहाटेची एसटी धरून जिल्ह्याला जायचं, तेही दोनदा.

वहिनीचा रिपोर्ट नॉर्मल आला. एकोणिसावा आठवडा चालू होता.